पहिल्या पानावरचा चौकोन

हे मार्गदर्शन नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावी राहणाऱ्या, रिसर्च ट्रँगल पार्कात नोकरी करणाऱ्या आणि 2021 साली सगळेच घेत होते म्हणून क्रिप्टो घेतलेल्या विवाहित मराठी गृहस्थांसाठी आहे. (गृहिणींनी सर्वनामे बदलून वाचावे.) अविवाहितांनी आकडेमोडीपुरतेच थांबावे. त्यांची अडचण गणिताची आहे. विवाहितांची तेवढ्यावर भागत नाही.

आधी प्रश्न नीट वाचावा. फॉर्म 1040 च्या पहिल्याच पानावर, नाव-पत्ता लिहून होतो न होतो तोच, उत्पन्नाचा एकही आकडा यायच्या आत आयआरएस विचारते: वर्षभरात डिजिटल मालमत्ता तुम्हाला बक्षीस किंवा मोबदला म्हणून मिळाली का, किंवा तुम्ही ती विकली, बदलून घेतली, हातावेगळी केली का? 2020 च्या रिटर्नपासून हा प्रश्न तिथे ठाण मांडून आहे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. डॉलर देऊन क्रिप्टो घेतली आणि नुसती धरून बसलात, तर ‘नाही’वर खूण करून खुशाल झोपावे. असा स्थितप्रज्ञ मात्र आमच्या पाहण्यात नाही.

आता खरा पेच. आपण जॉइंट रिटर्न भरतो. त्यावर दोघांची सही लागते, खोटे लिहिल्यास शिक्षेला पात्र असल्याची कबुली दोघे देतात आणि कराची जबाबदारीही दोघांची असते. म्हणजे आयआरएसला कळण्याआधी ही गोष्ट घरात कळते. कायदा करताना हा हेतू नसावा, पण परिणाम जबर आहे.

यावर वेगवेगळे रिटर्न भरण्याची युक्ती काहींना सुचते. तोट्याची वजावट पगारासारख्या उत्पन्नातून वर्षाला 3,000 डॉलरपर्यंत घेता येते. वेगळे रिटर्न भरले की ती प्रत्येकी 1,500 वर येते. शिवाय इतक्या वर्षांनी आपण वेगळे का भरतोय, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

लपवण्याचा मार्ग यंदापासून आणखी अरुंद झाला आहे. 2025 मधल्या विक्रीसाठी एक्स्चेंजांनी 1099-डीए नावाचा नवा फॉर्म पाठवायचा आहे आणि त्याची प्रत थेट आयआरएसला जाते. गंमत अशी की पहिल्या वर्षी त्यावर विक्रीची रक्कम सांगणे बंधनकारक आहे, खरेदीची किंमत नाही. तुम्ही 26,000 डॉलरला घेतलेली नाणी 20,000 ला विकून हात पोळून घेतलेले असतात. फॉर्मवर मात्र दिमाखात 20,000 छापून येते. फेब्रुवारीत ते पाकीट तुमच्याआधी तिच्या हाती लागते.

“अरे, आपल्याला वीस हजार आले? कुठायत?”

इथे घाई करू नये. ‘ते आले नाहीत, गेले’ हे वाक्य शांतपणे, शक्यतो जेवण झाल्यावर उच्चारावे. मग फॉर्म 8949 काढून खरेदीच्या रकान्यात 26,000 भरून दाखवावे. अशा वेळी तो फॉर्म तुमच्या बाजूचा एकमेव साक्षीदार असतो.

सल्ला कुठे घ्यावा? गावात चर्च स्ट्रीट पार्कचे क्रिकेट मैदान आहे, जिथे 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. शनिवारी सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली मंडळी फलंदाजाला पायांची हालचाल शिकवतात आणि त्याच दमात करही शिकवतात. “बिटकॉइन देऊन इथेरियम घेतलं तर कसला कर? डॉलर कुठे हातात आले?” हे तिथले आवडते सूत्र. ते साफ चूक आहे. आयआरएसने 2014 सालीच क्रिप्टोला चलन न मानता मालमत्ता मानले. एक नाणे देऊन दुसरे घेतले की पहिले विकल्यासारखेच. स्टेकिंगचे बक्षीसही ते तुमच्या ताब्यात येते त्या दिवसाच्या भावाने उत्पन्न धरायचे, असे 2023 मध्ये स्पष्ट झाले आहे. मात्र शेअर तोट्यात विकून तीस दिवसांत परत घेतले तर तोटा अडकतो, तो नियम क्रिप्टोला आजतरी लागू नाही, असे कुणी खुर्चीतून सांगितले तर विश्वास ठेवावा. मैदानावरचा सल्ला कधीकधी बरोबर निघतो, म्हणून तर लोक तिथे जातात.

आकडेमोडीला एक रविवार द्यावा. एक्स्चेंजची फाइल उघडली की 0.00000412 असल्या राशींच्या ओळी खालपर्यंत घरंगळत जातात. बहुतेक फायलींतली वेळ ग्रीनिचची असते. 31 डिसेंबरला रात्री आठ वाजता पार्टीला निघता निघता मॉरिसव्हिलमधून विकलेले नाणे त्यात 1 जानेवारीचे दिसते. (त्याच क्षणी पुण्यात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, कराशी याचा संबंध नाही.) तारीख महत्त्वाची, कारण वर्षाहून जास्त धरलेल्या नाण्याच्या नफ्यावर केंद्राचा कर 0, 15 किंवा 20 टक्के, आणि त्याआधी विकल्यास पगाराच्या दराने, म्हणजे 37 टक्क्यांपर्यंत. नॉर्थ कॅरोलायना असला भेदभाव करत नाही; 2025 च्या उत्पन्नावर सरसकट 4.25 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून खरेदीचा हिशेब वॉलेटनिहाय ठेवायचा आहे. या वॉलेटमधले स्वस्तातले नाणे विकून त्या वॉलेटमधली महाग किंमत लावता येत नाही.

एवढ्याने मन खट्टू झाल्यास नाशिकच्या मेहुण्याला फोन करावा. तिकडे 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर सेस. त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. एका नाण्यात लाख कमावले आणि दुसऱ्यात लाख घालवले, तरी कर कमावलेल्या लाखावर, 31,200 रुपये. तोटा वजाही होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हे ऐकून आपल्याला बरे वाटते. मग मेहुणा म्हणतो, “पण भावोजी, आमच्याकडे जॉइंट रिटर्न नसतं,” आणि फोन ठेवावासा वाटतो. त्याच्या नादाने तिकडच्या एक्स्चेंजवर तुम्हीही काही घेतले-विकले असेल तर तेही इथे दाखवावे लागते. अमेरिकेला जगभरातले उत्पन्न हवे असते. भारतात भरलेल्या कराची सवलत फॉर्म 1116 भरून मागता येते.

15 एप्रिलपर्यंत बोलण्याचा धीर झाला नाही तर फॉर्म 4868 भरून 15 ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घ्यावी. ती कागदाला मिळते, पैशाला नाही. देणे निघत असेल तर एप्रिलमध्येच भरावे लागते, तेही बहुधा जॉइंट खात्यातून.

शेवटी तोट्याची शिल्लक. समजा एकूण 40,000 डॉलर बुडाले. वर्षाला 3,000 प्रमाणे ते फिटायला चौदा रिटर्न लागतील. मुलगी आज चौथीत असेल तर ती कॉलेज संपवून नोकरीला लागेल आणि स्वतःचे रिटर्न भरेल, तरी बाबांचा आकडा दरवर्षी शेड्यूल डीवर हजर. म्हणजे तेवढे एप्रिल हा विषय जेवणाच्या टेबलावर निघणार. तोटा लवकर संपवायचा तर मध्ये नफा व्हायला हवा, आणि बहुतेकांना त्यासाठी पुन्हा क्रिप्टोच घ्यावीशी वाटते. हा प्रस्ताव घरात केव्हा मांडावा याबद्दल आयआरएसने अद्याप सूचना काढलेली नाही. निदान सही होऊन रिटर्न गेल्याची पोच येईपर्यंत मांडू नये.