एकास बहात्तर

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बांधणाऱ्या माणसाला स्वतःची अशी हत्यारं नसतात. सुताराकडे रंधा असतो, शिंप्याकडे कात्री असते. आमच्या पेटीत दंतवैद्याचे टोकदार आकडे, सोनाराचा चिमटा, घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग आणि ब्यूटी पार्लरमधली नखं घासायची पट्टी असते. कपडे वाळत घालायचे चिमटे हे तर या छंदातलं प्रमुख यंत्र. फळी चिकटवली की गोंद वाळेपर्यंत ती जागेवर धरायला ओळीनं चिमटे लावावे लागतात. त्यामुळे आमच्या घरी ओले कपडे विरुद्ध ओल्या फळ्या असा वाद आहे. पावसाळ्यात तो विकोपाला जातो. निकाल अजून एकदाही फळ्यांच्या बाजूनं लागलेला नाही.

जहाज म्हणाल तर एचएमएस व्हिक्टरी. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन ज्याच्यावर मारला गेला, ते. तोफा १०४. एकास बहात्तर या प्रमाणात ते सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब होतं. हे खोक्यावर लिहिलेलं असतं. ते ठेवायचं कुठे, हे लिहिलेलं नसतं.

खोक्यात सूचना-पुस्तिकाही असते. तिच्या एका चित्रात जहाजाचा कणा आणि त्यावर खोचलेले आडवे तक्ते दिसतात. पुढच्याच चित्रात त्या सांगाड्यावर फळ्यांचं गुळगुळीत पोट. या दोहोंच्या मध्ये मजकूर एवढाच, की फळ्या बसवून घ्याव्यात. आता, जहाजाचं पोट मध्यावर फुगीर आणि नाळेपाशी निमुळतं. खोक्यातली पट्टी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिलिमीटर. म्हणजे आधी तक्त्यांच्या कडा तिरप्या घासून घ्यायच्या, नाहीतर फळी तक्त्यावर टेकतच नाही. मग प्रत्येक तक्त्यावर कागदाची चिंधी फिरवून घेर मोजायचा, त्याला फळ्यांच्या संख्येनं भागायचं आणि त्या हिशेबानं एकेक फळी टोकाकडे तासत न्यायची. ती निम्म्या रुंदीपेक्षा बारीक करायची नाही, असा दंडक आहे. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी पुढे एकच न्यायची. पिछाडीला नेमकं उलट. तिथे फळ्या पुरत नाहीत, मध्ये पाचर घालावी लागते. हे सगळं त्या एका वाक्यात आलेलं आहे असं समजायचं. तोफगाड्याच्या चाकांना कोणता रंग द्यावा यावर मात्र अर्धं पान आहे.

वाकवण्याचंही तसंच. भिजवून गरम केलेली फळी पसरट बाजूनं आनंदानं वाकते. कडेच्या बाजूनं वाकत नाही. जहाजाला ती नाळेपाशी नेमकी कडेच्या बाजूनं वाकलेली हवी असते. यावर उपाय आहे : फळी पाटावर वाकडी आवळून ठेवायची आणि हेअर ड्रायरचा गरम झोत सोडायचा. आमच्या घरात हेअर ड्रायर आहे. तो केसांसाठी आहे, असं मला कळवण्यात आलं आहे.

घाईच्या कामाला झटपट चिकटणारा गोंद असतो, सायनोअॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती लागलं आणि दिसेल त्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. तो निर्णय मला आजही समंजस वाटतो. पुढे १९५८ मध्ये ते बाजारात आलंच. हा गोंद ओलाव्यानं पकडतो, आणि माणसाच्या बोटात सुक्या लाकडापेक्षा ओलावा जास्त असतो. बोटं सोडवायला अॅसिटोन लागतं. ते नेलपॉलिश काढायच्या बाटलीत मिळतं. बाटली माझी नाही.

शिडांचे दोर ओवायच्या कप्प्या तीन मिलिमीटरच्या असतात, अक्रोडी रंगाच्या. चिमट्यातून निसटली की कप्पी उडते, आणि आमच्या घराला मोझॅकच्या फरश्या आहेत : पांढऱ्यावर काळे, विटकरी आणि अक्रोडी ठिपके. फरशीचा हा नमुना निवडताना कोणाशी सल्लामसलत झाली होती, ते विचारून पाहिलं. उत्तर मिळालं नाही. हरवलेली कप्पी पुढे दोनच माणसांना सापडते. केर काढणाऱ्या मावशींना, त्या ती टाकून देतात. आणि अनवाणी चालणाऱ्या आईला, ती पुरावा म्हणून जपून ठेवते.

खऱ्या व्हिक्टरीवर सुमारे ४२ किलोमीटर दोर आहेत. त्याला बहात्तरनं भागलं तर ५८३ मीटर होतात. हा भागाकार रात्री करू नये. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जे दोर असतात, त्यांवर खलाशांना चढायला आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या बांधतात. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण सव्वा फूट, आमच्याकडे पाच मिलिमीटर. जिथे दोरी दोराला छेदते तिथे प्रत्येक ठिकाणी क्लोव्ह हिचची गाठ. सुईनं आडवा दोरा उभ्या दोरातून आरपार ओवला तर दुरून तसंच दिसतं, पण या छंदातली पाहुणेमंडळी दुरून बघत नाहीत. येतानाच खिशात भिंग घेऊन येतात.

बाकीचे पाहुणे दोन प्रश्न विचारतात. पहिला : हे टायटॅनिक का? दुसरा : पाण्यात तरंगतं का? खुद्द व्हिक्टरी १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभी आहे, त्यामुळे प्रतिकृती या बाबतीत अगदी अस्सल आहे. एकदा ओघात सांगून बसलो की त्या काळातलं तरंगणारंच जहाज हवं असेल तर ट्रिंकोमाली आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली, १८१७ साली पाण्यात सोडलेली, सागवानी. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. लगेच शेजारचे काका म्हणाले, ‘‘मग आपलं सोडून साहेबाचं कशाला बांधतोस?’’ मी म्हटलं, काका, सागाचे रेषे जाडे, या मापात ते दोरखंडासारखे दिसतात. सागवानी जहाजाची प्रतिकृतीसुद्धा नासपतीच्या नाहीतर बॉक्सवुडच्या बारीक पोताच्या लाकडात करावी लागते. काकांना हे पटलं नाही. त्यांचं कपाट सागवानी आहे.

पोर्ट्समथला व्हिक्टरीच्या कुजलेल्या फळ्या बदलायचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं तरी लागतील असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. दर दिवाळीला त्यांना ‘‘अजून चाललंच आहे का?’’ असं कोणी विचारत असेल, असं वाटत नाही.

धुळीसाठी काचेची पेटी लागणार म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं माप घेतलं, अंगठा पोटावरून फिरवला आणि पेटीचा खर्च उभ्याउभ्या सांगितला. मग जहाजाकडे बोट करून याचे किती सुटतात, असं विचारलं. काहीच सुटत नाहीत म्हटल्यावर त्यानं पेटीची निम्मी रक्कम आगाऊ मागितली.