डाव्याला संधी

ड्रम वेगात वाजवायचे असतील तर पहिली अट अशी की ड्रम वाजवायचे नाहीत. पन्नाशीतल्या शिष्यासमोर सरांनी रबराची एक चकती ठेवली आणि मोबाइलवर मेट्रोनोम साठवर लावला. साठ म्हणजे सेकंदाला एक ठोका. भिंतीवरचं घड्याळही याच गतीने चालतं, पण त्याला कोणी वादक म्हणत नाही.

सर माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’. “काका, खांदा खाली. काका, मनगट सैल. काका, श्वास घ्या!”

साठची गती सोपी वाटते, पण दोन ठोक्यांच्या मध्ये वीजबिल भरायचं राहिलंय हे आठवण्याइतका वेळ असतो, आणि ते आठवलं की पुढचा ठोका चुकतो. वेगात सगळं खपून जातं, इथे काहीच खपत नाही. ठोके समान पडले, तरच गती चारपाचाने वाढवायची.

आमची पोथी म्हणजे बोस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं ‘स्टिक कंट्रोल’, साल १९३५. पहिल्या पानावर आर आणि एल, म्हणजे उजवा आणि डावा, एवढाच मजकूर. प्रत्येक पाठ न थांबता वीस वेळा वाजवायचा. उजव्याचं ठीक आहे हो, तो कमावता. डाव्याचं आजवरचं कर्तृत्व म्हणजे जेवताना ताटाशेजारी गप्प पडून राहणं. “डाव्या हाताने देऊ नकोस” हे ऐकत वाढलेला हात तो! त्याच्याकडून एकाएकी समान आवाजाची अपेक्षा करणं हा अन्यायच. त्यावर उतारा पॅराडिडलचा: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दर चार ठोक्यांनी नेतृत्व बदलतं, युतीच्या सरकारसारखं, त्यामुळे डाव्यालाही मुख्यमंत्रिपद मिळतं.

खरी गोम मात्र उसळीत आहे. काठी पडली की आपण होऊन वर येते. तिला आडवं जायचं नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, बाकीची बोटं नुसती सोबतीला. एका झटक्यात दोन ठोके मिळतात ते या उसळीच्या जिवावर. हे लोकलच्या कडीला लोंबकळून आयुष्य काढलेल्या मुठीला पटवणं कठीण. तिला सोडणं माहीतच नाही.

शिवाय रबर जितकं उसळवतं तितका फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा असतो तो मोठा ड्रम, उसळवत नाही. म्हणून सरांनी उशीवर सराव सांगितला. कापसात उसळी नसते. प्रत्येक ठोक्याला काठी मनगटानेच उचलावी लागते. दुसऱ्याच दिवशी हिने आपली उशी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

परवा जेवताना डावा हात टेबलावर आपसूक पॅराडिडल वाजवू लागला. आमटीची वाटी हिंदकळली.

“अहो, तो डावा आवरा आधी!” ही म्हणाली.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्याविरुद्धची ही पहिलीच तक्रार. मी सरांना ताबडतोब फोन लावला.