क्रीम रंगाची हमी नाही

फालून, स्वीडन
मे महिन्यातला पहिला रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. व्हिडिओ कॉलवर बाबा माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत, म्हणून हा कागदाचा मार्ग. परवा फोन फिरवून स्वयंपाकघर दाखवायला घेतलं, तर हिरवी भिंत आणि लाल खुर्च्या दिसताक्षणी बाबा म्हणाले, "हे घर आहे की दशावताराचा मांड?" मागून आजीचं "ह्यां काय गो?" ऐकू आलं आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. सावंतवाडीची रेंज बाबांच्या सोयीने जाते, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

बांधकाम खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाचे रंगाबद्दलचे विचार मला पाठ आहेत. भिंतीला क्रीम, दाराला चॉकलेटी ऑइलपेंट आणि जमिनीपासून छातीपर्यंत तपकिरी पट्टा, म्हणजे जनतेने काहीही पुसलं तरी दिसत नाही. या पट्ट्याच्या छायेत माझं बालपण गेलं. तेव्हा जूनमध्ये तुम्ही इथे पाऊल ठेवण्याआधी सगळं लेखी कळवते.

बाहेरून सुरुवात करते, कारण बाहेर आमचं काही चालत नाही. आमचं घर लाल, शेजारचं लाल, पलीकडचंही लाल. कोपऱ्यांना आणि खिडक्यांना पांढऱ्या पट्ट्या. 'लाल लाकडी घर' एवढाच पत्ता दिला तर पाहुणा रात्रीपर्यंत गल्लीत फिरेल. म्हणून आम्ही 'निळ्या दाराचं लाल घर' असं सांगतो. निळं दार हे माझं पहिलं बंड.

बाबा, हा लाल रंग तुम्हाला आवडेल. इथे तांब्याची जुनी खाण आहे. सतराव्या शतकात युरोपातलं दोन तृतीयांश तांबं इथून जायचं म्हणे. 1687 साली ऐन उन्हाळी सणाच्या दिवशी खाणीचा प्रचंड भाग खचला, पण सुट्टी असल्यामुळे आत कोणी नव्हतं, सगळे वाचले. 'लोकांना सुट्ट्या फार झाल्या' हे तुमचं आवडतं वाक्य इथे म्हणू नका. खाण 1992 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये जागतिक वारसा झाली. तांबं काढून उरलेल्या मातीत लोह भरपूर. ती माती धुवायची, भाजायची, दळायची की लाल भुकटी तयार. 1764 पासून ती विकली जाते. आपल्याकडच्या देवळांच्या भिंतींवर कावेची नक्षी असते ना, त्या कावेतही लोहच.

रंग शिजवतात कसा ते आईने वाचावं. पाणी उकळायचं, त्यात हिराकस, मग राय या धान्याचं पीठ घालून पेज करायची, भुकटी टाकायची आणि शेवटी जवसाचं तेल. आई, तू ज्याची चटणी करतेस तेच जवस इथे घराला लावतात. हल्ली तयार डबे मिळतात, पण शेजारचे आजोबा अजून अंगणात पिंप चढवतात आणि लाकडी दांड्याने ढवळत बसतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा समाराधनेच्या आचाऱ्याचा भाव असतो. कोणी जवळ गेलं की आधी हाकलतात, मग ढवळायला लावतात.

या रंगाचे पापुद्रे सुटत नाहीत, तो हळूहळू भुकटी होऊन झडतो. पुढच्या वेळी खरवडायची कटकट नाही, ब्रशने झाडायचं आणि वरून हात मारायचा. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर मात्र तो बसत नाही, त्याला करवतीचं खरबरीत लाकूडच लागतं. गैरसोय एकच. भिंतीला टेकलात की पाठ लाल. दिवाळीला तुमचा जावई निखिल पांढरा कुर्ता घालून पाहुण्यांची वाट बघत बाहेर टेकून उभा राहिला आणि आमच्याकडे लक्ष्मीपूजनालाच रंगपंचमी झाली.

गंमत म्हणजे हा रंग आधी श्रीमंतांचा. त्यांना आपली लाकडी घरं दुरून विटांची दिसायला हवी होती. मग सगळ्यांनी तोच लावला, तेव्हा श्रीमंत फिकट रंगांकडे वळले. आमच्या गल्लीत सगळे लाल, यावरून आमची आर्थिक स्थिती समजून घ्या.

आत शिरलं की वेगळाच देखावा. इथे बहुतेक घरं आतून पांढरी. कारण खरं आहे. डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीनच्या आत मावळतो, मिळेल तेवढा उजेड भिंतींनी परत द्यावा हा हिशोब. आमच्याही घरात सगळं पांढरं होतं. पहिला हिवाळा आम्ही बाहेर बर्फ आणि आत चुना अशा थाटात काढला. तुमच्या नातीने, ओवीने, घराचं चित्र काढलं तेव्हा आत रंगच भरला नाही. विचारलं तर म्हणाली, "भरलाय, पांढरा."

मग आम्ही गाडीने वीसेक मिनिटांवरच्या सुंडबॉर्नला गेलो. तिथे चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांचं घर आहे. हे घर 1888 मध्ये कारिनच्या वडिलांनी जोडप्याला दिलं. बाबा, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलेलं नाही. नवराबायकोने ते वर्षानुवर्षं रंगवलं. जेवणाची खोली हिरवी आणि लाल, दारांवर घरच्यांची चित्रं, खुर्च्यांना कारिनने विणलेली कापडं. कार्लने या घराची जलरंगातली चित्रं काढली आणि 1899 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तेव्हापासून सगळा देश आपलं घर असंच असावं म्हणतो आणि पांढरा डबा विकत आणतो.

दर्शनी भागावर पाहुण्यांचं स्वागत लिहिलंय, कार्ल लार्सन आणि त्याची बायको यांच्यातर्फे. बायको! नाव नाही. ही कारिन स्वतः शिकलेली चित्रकार. लग्नानंतर चित्रकला सुटली आणि आठ मुलांच्या रामरगाड्यात तिने घरातलं कापड न् कापड विणलं, फर्निचरचे आराखडे काढले. तिच्या एका झुलत्या खुर्चीचं रूप गावच्या सुताराला इतकं चमत्कारिक वाटलं की त्याने ती अंधार पडल्यावर पोचवली, कोणी बघू नये म्हणून, असं सांगतात. आई, मला तू आठवलीस. आपल्या दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव, त्याखाली बी.ई. सिव्हिल, आणि तू कुठेच नाहीस. पाटी नवीन करा. रंग बाबांना हवा तो.

तुमच्या नातवाला, मल्हारला, सगळ्यांत आवडलं ते एका खट्याळ पोराचं चित्र. जेवताना दंगा केला म्हणून त्याला बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसवलंय. शिक्षेचा कोपरासुद्धा इतका देखणा की मल्हारने घरी आल्यावर स्वतःसाठी एक मागून घेतला. आता शिक्षा द्यायची तर त्याला तिथून उठवावं लागतं.

मग कामाला लागलो. जुन्या बाजारातून एक लाकडी बाक आणला. बसायचा फळा उचलला की आत पेटी, पुढचा भाग ओढला की बिछाना. पूर्वी स्वयंपाकघरातल्या अशा बाकांत मुलं नाहीतर मोलकरीण झोपायची. त्याला जवसाच्या तेलाचा निळा रंग दिला. हा रंग पातळ लावायचा आणि दर हाताला दिवस-दीड दिवस वाळू द्यायचा, घाई केली की सुरकुततो. निखिल दर तासाला वाळला का म्हणून बोट लावून बघायचा. त्यामुळे बाकाच्या डाव्या कडेला त्याच्या बोटांचे ठसे कायमचे नोंदले गेलेत, कधी खटला झालाच तर पुरावा आहे. बाबा, एक महत्त्वाचं. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात. म्हणून आमच्या मागच्या दारी निखिलचे जुने बनियन बादलीत बुडवलेले दिसतील. मुलगी धुणं टाकत नाही असं गावभर सांगू नका.

दालार्नात, म्हणजे आमच्या या भागात, रंगीत फर्निचरची जुनी परंपरा आहे. त्यावरच्या फुलापानांच्या वेलीला कुर्बिट्स म्हणतात. बायबलमधल्या योनावर देवाने भोपळ्याच्या वेलाची सावली धरली, तो वेल इथल्या खेड्यातल्या चिताऱ्यांनी कपाटं, पलंग, भिंती सगळीकडे चढवला. बायबलमधली माणसं रंगवली तीही इथल्याच शेतकऱ्यांच्या कपड्यांत आणि टोप्यांत. हे बघून ओवीने बाकाच्या पाठीवर वेल काढला आणि वेलाखाली लोकरीची टोपी घातलेला गणपती बसवला. मला आपली सावंतवाडीची चितार आळी दिसायला लागली, त्या पांगाऱ्याच्या लाकडाच्या रंगीत फळांसकट.

आता नाजूक विषय. स्वयंपाकघरातल्या हिरव्या भिंतीचा रंग अंडी घालून केलेला आहे. जेवढी अंडी तेवढंच जवसाचं तेल, तेवढंच पाणी, बाटलीत घालून खूप हलवायचं आणि रंगाची पूड मिसळायची. रंग छान मखमली दिसतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, त्या बरणीवर मी मराठीत 'खाऊ नये' लिहिलंय, कारण निखिल चष्मा काढून फ्रिज उघडतो. आजीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती विचारील म्हणून कळवते की देव्हाऱ्यामागची भिंत शुद्ध शाकाहारी आहे.

आल्यावर बाबांची पहिली तक्रार उजेडाची असणार. इथे छताला ट्यूबलाइट नाही. प्रत्येक खिडकीत एक छोटा दिवा, पुस्तकाजवळ एक, बाकाजवळ एक. माणूस जिथे बसतो तिथे उजेड न्यायचा, बाकीची खोली अंधारात राहिली तर राहू दे. आमचे पहिले मराठी पाहुणे आत आल्या आल्या "वीज गेली का?" म्हणाले आणि निघताना सगळे दिव्याजवळच्या एकाच कोपऱ्यातून उठायला तयार नव्हते. जूनमध्ये मात्र उलटी अडचण. सूर्य दहानंतर मावळेल आणि पहाटे चारच्या आत पुन्हा हजर. आजी त्याच्याबरोबर उठून आंघोळीला पाणी मागणार. तिच्या खोलीला जाड पडदे शिवलेत.

आई, खरं सांगू का? आपल्या हॉलमधल्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लॅस्टिक आहे. चितार आळीतून हौसेने रंगवून घेतलेले पाट वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेत, कोणीतरी येईल तेव्हासाठी. त्या कोणीतरीची आपण सगळ्यांनी इतकी वर्षं वाट बघितली, आणि तो आलाच असता तर 'पाट कशाला, खुर्ची द्या' म्हणाला असता. त्या कारिनच्या घरी जेवणाच्या खोलीत रोजची मुलं रोज सांडायची आणि तीच खोली सगळ्यांत रंगीत. येताना ते पाट आणा. खोबरेल, गोडा मसाला, कुळथाचं पीठ यांतलं काहीतरी कमी करा, पण पाट आणा. इथे बाकासमोर मांडून रोज त्यांवर बसायचंय, डाग पडले तर ओवी वर एक फूल काढील.

आणि बाबा, तुमची खोली. तुमच्या तत्त्वाला मान देऊन तिथे काही रंगीत केलेलं नाही. शरदात जवसाच्या तेलाचा साधा पांढरा रंग लावला होता. हा रंग अंधारात पिवळसर पडतो, त्यामुळे हिवाळाभर बंद असलेली ती खोली आपोआप अगदी तुमच्या खात्याच्या क्रीम रंगाची झाली. पण त्याला ऊन मिळालं की तो परत पांढरा होत जातो, आणि ऊन आता दिवसभर असतं. खिडकीजवळची भिंत तर फितूर झालीच आहे. तेव्हा क्रीमच हवा असेल तर तिकीट अलीकडचं घ्या.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
मृणाल

ता. क. बाबा, आजूबाजूला कुठेही तपकिरी पट्टा नाही. मोजपट्टी आणि मार्किंगचा दोरा घरीच ठेवा.