रीइटरेट काका

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटिशीत वेळ साडेदहाची असते. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होणार हे ठाऊक असल्यामुळे सगळे अकरालाच उगवतात. साडेदहाला पहिल्या रांगेत एकच सभासद बसलेला असतो. सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त, खिशाला दोन पेनं, मांडीवर फाईल. आमच्याकडे त्यांना रीइटरेट काका म्हणतात. तुमच्या इमारतीतही असतीलच, फक्त नाव वेगळं असेल.

'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय पुकारायचा अवकाश, काका उभे! "मिस्टर चेअरमन, आय वुड लाइक टु रीइटरेट..." एवढं झालं की इंग्रजी संपतं. पुढे टाकी, गच्चीची गळती आणि बी विंगची आडवी लावलेली स्कूटर यथासांग मराठीत येतात.

तसं हे क्रियापद मोठ्या घरचं. एखादी भूमिका आधी मांडून झाली आहे, समोरच्याने ती कानाआड केली आहे आणि आपण मात्र तिच्यावर ठाम आहोत, असं कळवायचं असेल तिथे ते शोभतं. परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते ते वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांत 'रीइटरेटिंग'ने परिच्छेद सुरू होतात. काकांनी ते तिथून उचललं आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावलं. मुळात लॅटिनमधून आलेल्या 'इटरेट'च्या पोटातच 'पुन्हा' आहे, वर 'री'. काकांचं तेवढ्यावर भागत नाही. ते 'रीइटरेट अगेन' म्हणतात. बाकीचे दुसऱ्याची री ओढतात, काका स्वतःचीच ओढतात.

पण त्यांची खरी करामत पुढेच आहे. आयुष्यात पहिल्यांदा सांगत असलेली गोष्टही ते रीइटरेट करतात. मागच्या सभेत लिफ्टच्या पंख्याचं असंच झालं. सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "काका, हे आधी कधी बोलला होतात?"

"नाही बोललो. बोललो असतो तरी तुम्ही ऐकलं असतं का? म्हणून थेट रीइटरेट करतोय."

बाईंनी निमूटपणे इतिवृत्तात लिहिलं, 'पुन्हा सांगितले.' काकांची हरकत. पुन्हा सांगतो तो वॉचमन! बाईंनी खोडून 'पुनरुच्चार केला' असं लिहिलं. तेही नामंजूर, कारण पुनरुच्चार पेपरात मंत्री करतात आणि त्याचं पुढे काही होत नाही. शेवटी देवनागरीत 'रीइटरेट केले' असं लिहून घेऊनच काका खाली बसले. तोवर वडे गार झाले होते.

घरी गणित उलटं. काकूंनी "बीपीची गोळी घेतलीत का?" असं दुसऱ्यांदा विचारलं, की काका करवादतात, "किती वेळा तेच पालुपद!"

तरीही एक कबूल करायला हवं. काकांच्या फाईलमध्ये टाकी धुतल्याच्या पावत्या तारीखवार लावलेल्या असतात, आणि शेवटची पावती कधीची आहे हे कमिटीतल्या एकालाही सांगता येत नाही. तेव्हा यंदाच्या सभेत तुमचे काका उभे राहिले, की घड्याळाकडे बघू नका. आधी गच्चीवर कुणाला तरी पाठवा आणि टाकीचं झाकण उघडून बघायला सांगा.