३५ डॉलर न भरणारा गृहस्थ

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय मध्यमवर्गाचे वर्णन करू पाहणाऱ्याला एका विशिष्ट गृहस्थाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आढळतो, तसाच डॅलसच्या उपनगरांत आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्येही आढळतो. त्याच्या नावावर घर असते, घरावर कर्ज असते, आणि भारतातून नाटकाचा दौरा आला की पुढच्या रांगेची तिकिटे काढताना त्याचा हात आखडत नाही. नवा फोन घ्यायचा तर हजार-अकराशे डॉलर मोजण्याची त्याची तयारी असते. मात्र त्या फोनच्या बिलात तळाशी, बारीक अक्षरांत, ३५ डॉलरांची एक ओळ दिसली की याच गृहस्थाच्या अंगात वेगळेच वारे संचारते. त्याला कंजूष म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. कंजूष माणूस पैसा खर्चच करीत नाही. हा गृहस्थ आनंदाने खर्च करतो, फक्त पैसे टाकल्यावर हातात काहीतरी पडले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे असते.

ती ओळ असते अपग्रेड शुल्काची. ग्राहक त्याच कंपनीत आणि त्याच नंबरवर राहून जुन्याच्या जागी नवा फोन घेतो, तेव्हा मोबाइल सेवा देणारी कंपनी त्या अदलाबदलीबद्दल जी एकरकमी आकारणी करते तिला हे नाव आहे. फोन एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसरीकडून घेण्याची रीत भारतात रुळलेली असल्याने तिथल्या वाचकाला हा प्रकार चमत्कारिक वाटेल; भारतात अख्खी कंपनी बदलून नंबर सोबत नेण्याचा, म्हणजे पोर्टिंगचा, दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०१९ साली ठरवलेला आकारसुद्धा अवघा ६ रुपये ४६ पैसे आहे. अमेरिकेत मात्र फोन आणि सेवा यांची गाठ फार पूर्वीपासून बांधलेली होती. २००८ साली आयफोन थ्रीजी तिथे १९९ डॉलरांना मिळे तो एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार करणाऱ्याला. उरलेली किंमत कंपनी पदरची घालत असे आणि दोन वर्षांच्या मासिक बिलांतून ती सावकाश वसूल करीत असे. शुल्काच्या समर्थनार्थ याच पदरच्या खर्चाकडे बोट दाखवले जाई. फेब्रुवारी २०१२ मध्ये एटी अँड टीने ते १८ डॉलरांवरून ३६ वर नेले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात व्हेरायझनने ३० डॉलरांचे शुल्क नव्याने लावताना ग्राहकांसाठी चालणाऱ्या कार्यशाळा व तज्ज्ञांचा सल्ला यांचा खर्च त्यातून भागेल असा खुलासा केला. या कार्यशाळेला बसलेला मनुष्य गृहस्थाच्या ओळखीत आजवर निघालेला नाही.

पुढे २०१३ साली टी-मोबाइलने दोन वर्षांचे करार बंद केले, २०१६ उजाडेपर्यंत बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही तोच रस्ता धरला, आणि ग्राहक फोनची पूर्ण किंमत मासिक हप्त्यांनी स्वतःच फेडू लागला. म्हणजे ज्या सवलतीच्या नावाने शुल्क मागितले जात होते ती सवलत वारली. शुल्क मात्र धडधाकट राहिले. व्हेरायझनने तर २०१५च्या नोव्हेंबरात हप्त्याने घेणाऱ्यांवरही २० डॉलर बसवले, आणि पुढच्या दशकात हा आकडा कंपनीगणिक ३५च्या आसपास व त्याच्याही वर सरकला. हा इतिहास पाहता गृहस्थाची बाजू न्यायाची आहे, हे कोणत्याही तटस्थ अभ्यासकाने मान्य करावे. फोन टपालाने येतो, खोके तो स्वतः उघडतो, आत सिम तोच घालतो, आणि जुन्या फोनमधले फोटो नव्यात उतरवण्यासाठी रात्री दीड वाजेपर्यंत तोच जागतो. मग ३५ डॉलर नेमके कोणाच्या कष्टाचे, हा त्याचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. अडचण एवढीच की तो हा प्रश्न दरवेळी पहिल्यापासून विचारतो, आणि तोही जेवणाच्या ताटावर.

शुल्क टाळण्याचा त्याचा सनातन मार्ग म्हणजे मोकळा, अर्थात कोणत्याही कंपनीशी न जखडलेला फोन थेट निर्मात्याकडून विकत घेणे आणि जुन्या फोनमधले सिम काढून त्यात घालणे. अशा व्यवहारात सेवा कंपनीने काही विकलेलेच नसल्याने अपग्रेड शुल्काचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. सिमचा कप्पा उघडण्याची ती इवलीशी पिन गृहस्थाने पाकिटात, वाहन परवान्याच्या मागच्या कप्प्यात, वर्षानुवर्षे जपलेली असते. समारंभात कोणी नव्या फोनचा विषय काढला की ती बाहेर येते, छिद्रात हलकेच दाबली जाते, कप्पा टक्कन पुढे सरकतो, आणि ‘झालं! याचे पस्तीस डॉलर!’ हे वाक्य उच्चारले जाते. परंतु ॲपलने २०२० साली आयफोन १२ आणला तेव्हा तोच फोन सेवा कंपनीशी जोडून घेतल्यास ७९९ आणि मोकळा घेतल्यास ८२९ डॉलर अशी किंमत लावली, आणि शुल्क वाचवण्याची किंमत जवळजवळ शुल्काएवढीच होऊन बसली. गृहस्थाने त्या वर्षी ८२९ भरले. हे ३० डॉलर फोनचे आहेत, शुल्काचे नव्हेत, असा भेद त्याने केला; तो सूक्ष्म आहे, पण एखाद्या नैयायिकाने मान डोलवावी इतका शुद्ध आहे. २०२२ साली आयफोन १४च्या अमेरिकी आवृत्तीतून सिमचा कप्पाच नाहीसा झाला आणि त्याची जागा ई-सिमने, म्हणजे फोनमध्ये कायम बसवलेल्या व दूरवरून चालू करता येणाऱ्या सिमने घेतली. पिन अजून पाकिटात आहे.

दुसरा मार्ग वाटाघाटीचा. कंपनीच्या ॲपमधली चॅटची खिडकी तो रात्रीची जेवणे आटोपल्यावर उघडतो, कारण त्या वेळी पलीकडचा कर्मचारी दमलेला असतो अशी त्याची अनुभवसिद्ध धारणा आहे. आरंभी तो आपण चौदा वर्षांचे एकनिष्ठ ग्राहक असल्याचे नमूद करतो. मग दुसऱ्या कंपनीची योजना ‘पाहत असल्याचा’ सौम्य उल्लेख करतो. आणि तेवढ्याने भागले नाही तर सोडून जाऊ पाहणाऱ्या ग्राहकांना थोपवून धरणाऱ्या खास विभागाशी जोडून देण्याची मागणी करतो. पलीकडची व्यक्ती स्वतःचे नाव केविन सांगते. ती मनिलात बसली आहे की पुण्याच्या मगरपट्ट्यात, याचा अंदाज गृहस्थ तिच्या इंग्रजीतल्या अदबीवरून बांधत असतो, आणि मगरपट्ट्याचा संशय बळावला की त्याचा आवेश किंचित मंदावतो. आपल्याच माणसाचे मासिक गुण कापले जाऊ नयेत, ही भावना त्यामागे असते. तासाभराने केविन बहुधा ३५ डॉलरांचे क्रेडिट, म्हणजे पुढल्या बिलातून तेवढी वजावट, मंजूर करतो. गृहस्थ त्या खिडकीचे छायाचित्र काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकतो. मुले काही उत्तर देत नाहीत. ओरडा केला की कंपन्या नमतात, या श्रद्धेला त्याच्यापाशी ऐतिहासिक आधारही आहे: २०११च्या डिसेंबरअखेर व्हेरायझनने फोनवरून अथवा इंटरनेटवरून एकेकदा बिल भरणाऱ्यांवर २ डॉलरांचा आकार जाहीर केला आणि लोकक्षोभ पाहून दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. हा प्रसंग तो ‘चले जाव’च्या चालीवर सांगतो.

त्याची खरी कसोटी लागते ती ट्रेड-इनच्या वेळी. जुना फोन परत दिल्यास नव्यावर आठशे डॉलरांपर्यंत सूट, अशी जाहिरात कंपन्या करतात. मात्र ही सूट हातात पडत नाही, ती २४ किंवा ३६ महिन्यांत वाटून दरमहाच्या बिलातून थोडीथोडी वजा होते, आणि ग्राहक मध्येच निघून गेला तर उरलेली बुडते. शिवाय ती मिळवायची तर फोन कंपनीकडूनच हप्त्याने घ्यावा लागतो, म्हणजे शुल्क आलेच. आठशे मिळवण्यासाठी पस्तीस द्यावेत की नाहीत, हा प्रश्न सामान्य मनुष्य अर्ध्या मिनिटात सोडवील. गृहस्थ त्यासाठी एक्सेलची फाइल उघडतो. तीत दरमहा २२ डॉलर २२ सेंटची वजावट ३६ ओळींत मांडलेली असते, महाग प्लॅन घेण्याची अट एका रकान्यात असते, आणि शुल्काचा खाना लाल रंगाने भरलेला असतो. पत्नी एकदाच विचारते, ‘अहो, घेताय का नाही? माझा फोन दुपारी तीनलाच बंद पडतो.’ यावर ‘सणासुदीला माफ करतात, थांब जरा’ असे उत्तर मिळते, आणि बॅटरीचा प्रश्न थँक्सगिव्हिंगवर ढकलला जातो.

न्यू जर्सीतल्या शाखेचे एक उपांग येथे नोंदवणे आवश्यक आहे. त्या राज्यात विक्रीकर ६.६२५ टक्के असून शेजारच्या डेलावेअरमध्ये तो मुळीच नाही. त्यामुळे तिथल्या क्रिस्टियाना मॉलमधील ॲपलच्या दुकानापर्यंत सव्वा-दीड तास गाडी हाकून कर आणि शुल्क ही दोन्ही संकटे एकाच फेरीत टाळता येतात असे गृहस्थाने सिद्ध केले आहे. सिद्धतेत टर्नपाइकचा टोल, डेलावेअरमध्ये शिरताना पुलावर द्यावा लागणारा टोल, पेट्रोल आणि चौघांचे मॉलमधले जेवण धरलेले नाही. बाहेरून करमुक्त आणलेल्या वस्तूवर घरी आल्यावर वापरकर भरावा असा कायदा आहे आणि राज्याच्या विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र ओळही आहे; त्या ओळीविषयी तो कधी बोलत नाही.

फॅमिली प्लॅन ही त्याची सर्वांत मोठी संघटनात्मक कामगिरी होय. एका खात्यावर जितक्या लाइन जास्त तितका प्रत्येकीचा दर कमी, या तत्त्वावर ही योजना चालते, आणि कुटुंब या संज्ञेची व्याप्ती गृहस्थ ठरवतो. त्याच्या कुटुंबात पत्नी, मुलगी, विद्यार्थिदशेतला एक रूममेट जो आता ओहायोत असतो, त्या रूममेटची बायको, आणि ऑफिसात एकदा शेजारी बसलेला एक तेलुगू तरुण येतो. वर्गणीची वसुली भिशीच्या शिस्तीने होते: महिन्याच्या पाच तारखेला समूहावर स्मरण, सात तारखेला नावानिशी स्मरण. ओहायोच्या बायकोने परस्पर दुकानात जाऊन नवा फोन उचलला आणि सामाईक बिलात ३५ डॉलर उगवले, तेव्हा ते कोणी सोसायचे यावर जी चर्चा झाली तिच्यानंतर दोन्ही घरांचे दिवाळीचे फोन बंद झाले. प्लॅन मात्र चालू आहे, कारण एक लाइन कमी झाली असती तर उरलेल्यांचा दर वाढला असता.

त्याच्या विद्वत्तेचा हंगाम ठरलेला असतो. नवे आयफोन सप्टेंबरात येतात आणि गावच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीही बहुधा त्याच सुमारास असतो. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि आयफोन १५ची विक्री २२ला सुरू झाली. मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात आरती संपून मसालेभाताची रांग लागली की नवे पदवीधर त्याच्याभोवती जमतात, आणि तो एका हातात द्रोण धरून त्यांना फोनचे कुलूप उघडण्याचा ग्राहकाचा हक्क देणारा २०१४चा कायदा समजावून सांगतो.

या कायद्याचा त्याला स्वतःला उपयोग झाला नाही. पत्नीचा फोन शेवटी बदलला, तो इतक्या घाईने की जुना ट्रेड-इनला न देता सांगलीच्या भाच्याला पाठवण्याचे ठरले. भाच्याने तो दुकानात नेला तेव्हा ‘यात सिम घालायचं कुठं?’ असा पहिला निरोप आला. ई-सिमची माहिती दिल्यावर, फोन अमेरिकेतल्या कंपनीच्या कुलपात असल्याचा दुसरा निरोप आला. हप्ते फिटल्याखेरीज त्या कंपनीत कुलूप उघडत नाही, आणि ३६ पैकी १४ हप्ते बाकी होते. गृहस्थाने रात्री खिडकी उघडली, उरलेले ३११ डॉलर एकदम भरले, मुदतीआधी फेडल्यामुळे तेवढ्याच रकमेची पुढची वजावट गेली हे केविनकडून ऐकून घेतले, आणि शेवटी केवळ सवयीने पत्नीच्या नव्या फोनवरच्या शुल्काचा विषय काढला. केविनने ते माफ केले. पुढच्या रविवारी मंडळात ही हकीकत सांगितली गेली ती याच वाक्यापासून.