पिस्तूलचिंतक

पिस्तूलचिंतकाची ओळख करून द्यायची गरज नाही. अमेरिकेत डेन्व्हरपासून अँकरेजपर्यंत ट्रेकिंगच्या कुठल्याही दुकानात तो उभा असतोच. चार दिवस रानात चालायचं म्हणून त्याने दात घासायच्या ब्रशचा दांडा मधोमध कापलेला असतो. कापलेल्या तुकड्याचं वजन पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम. तंबूचे खुंटे टायटॅनियमचे, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरलेल्या, चहाच्या पुड्यांचे दोरे तोडलेले. एवढी काटकसर झाल्यावर अस्वलाच्या भीतीने तो छातीवर अडकवतो स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 500 हे रिव्हॉल्वर. लांब नळीचं घेतलं तर रिकामंच 70 औंसांपुढे, सरळ दोन किलो. ब्रशच्या हिशेबात 280 दांडे. लोक याला विसंगती म्हणून हसतात. माझ्या मते यात विसंगती नाहीच. ब्रश तो रानासाठी कापतो. पिस्तूल मात्र तो रानासाठी निवडतच नाही.

निवड कशी चालते ते पाहा. लग्नाचा बस्ता बांधायला बसलेल्या मामी-मावश्याही इतके गठ्ठे उलगडायला लावत नाहीत. आधी रिव्हॉल्वर की पिस्तूल, मग कॅलिबर, मग नळीची लांबी, मग होल्स्टर कमरेला की छातीला. प्रत्येक कॅलिबरची कुळकथा त्याला पाठ असते. आयडाहोतला गुराखी-लेखक एल्मर कीथ कारखानदारांच्या मागे लागला आणि 1955 च्या सुमारास .44 मॅग्नम आलं. 1971 मध्ये क्लिंट ईस्टवूडने ते पडद्यावर रोखलं आणि ते घराघरात माहीत झालं. 1983 मध्ये 10 एमएम आलं, 2003 मध्ये 500. या अर्धशतकात अस्वलाची कवटी जाड झाल्याची नोंद कुठे नाही. तरी वाद चालू. 10 एमएमवाला सांगतो, ग्लॉक 20 मध्ये पंधरा गोळ्या बसतात आणि भरल्यावरही वजन 160 दांड्यांच्या आसपास. .44 वाला म्हणतो, माझ्या सहाच, पण त्या लागल्या की जाणवतात. 500 वाल्याकडे पाचच असतात आणि पहिल्या धक्क्यानंतर दुसरी झाडायला मनगट तयार नसतं, म्हणून तो फारसा बोलत नाही. या मंडळींत एक जुना विनोद आहे: अस्वलासाठी छोटं पिस्तूल नेणार असशील तर नळीवरची माशी आधी कानशीने घासून टाक, म्हणजे अस्वलाने ते काढून घेऊन तुझ्या नको त्या जागी खुपसलं तर कमी दुखेल. चिंतक हे हसण्यावारी नेत नाही. माशी घासली तर किती औंस वाचतील, हे त्याला काढायचं असतं.

आता पुरावा. चवताळलेलं ग्रिझली अस्वल ताशी 55 किलोमीटरच्या वेगाने येतं, म्हणजे तीस मीटरवरून तुमच्यापर्यंत दोन सेकंदांत. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अशा प्रसंगांचे दोन अभ्यास केले. 2008 च्या अभ्यासात बेअर स्प्रेचे, म्हणजे मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचे, 83 प्रसंग होते. अगदी जवळून गाठ पडलेल्यांपैकी 98 टक्के माणसं इजेविना सुटली. 2012 च्या अभ्यासात बंदुकांचे 269 प्रसंग होते. त्यांत हातातल्या छोट्या हत्यारांनी 84 टक्के वेळा काम केलं, लांब नळीच्या बंदुकांनी 76 टक्के. चिंतकाचा आक्षेप तयार असतो: दोन्ही अभ्यासांतले प्रसंग सारखे नव्हते, स्प्रे पुष्कळदा नुसत्या चौकस अस्वलावर मारला गेला, आणि वारा उलटला तर फवारा आपल्याच डोळ्यांत. आक्षेप रास्त आहे. 98 आणि 84 हे आकडे शेजारी मांडून निकाल देता येत नाही. पण 2012 च्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो दोन अभ्यासांच्या तुलनेवर अवलंबून नाही: बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी वापरली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मग तो 2016 चं उदाहरण काढतो. अलास्कातल्या एका मुरलेल्या गाइडने चाल करून आलेलं तपकिरी अस्वल 9 एमएमच्या पिस्तुलाने लोळवलं. ज्या कॅलिबरला हे लोक खेळणं समजतात, त्याने! यातून कॅलिबरचं महत्त्व वाढतं की घटतं? त्या गाइडची हयात अस्वलांत गेली होती, गोळी कुठे मारायची हे त्याला ठाऊक होतं. ही हयात दुकानात मिळत नाही आणि तिचं वजन शून्य दांडे असतं.

पिस्तुलाच्या या बाधेला तिकडे राहणारी आपली माणसंही अपवाद नाहीत. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर येते. म्हणजे ज्याला अस्वलापासून फक्त वाचायचंय, त्याने आधी सरकारदरबारी शिकारी व्हायचं.

चिंतक कोलोरॅडोचा असेल तर मामला आणखी विचित्र होतो. तिथलं शेवटचं ज्ञात ग्रिझली 1979 मध्ये सॅन ह्वान पर्वतात मेलं. एका शिकारी गाइडवर ते धावून आलं आणि त्याच्याच सांगण्यानुसार त्याने ते हातातल्या बाणाने भोसकून मारलं. त्यानंतर तिथे ग्रिझलीची पक्की नोंद नाही. आता आहेत ती काळी अस्वलं, आणि बहुतेकदा ती आरडाओरड्यानेच पळतात. अलास्का वगळता पश्चिम अमेरिकेत एके काळी पन्नासेक हजार ग्रिझली होती असं मानतात. 1975 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा हजारही उरली नव्हती, आज दोनेक हजार असतील. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, रानात एकही नाही. मग डेन्व्हरचा माणूस हे शेकडो दांडे कुणासाठी वाहतो? मला वाटतं, नसलेल्या अस्वलासाठी. आपल्याहून बलवान असं काहीतरी त्या डोंगरात अजून आहे, असं त्याला हवं असतं, आणि छातीवरचं ओझं हा त्याने स्वतःला दिलेला पुरावा. यलोस्टोनमध्ये रानगव्याला खेटून फोटो काढणारे पर्यटक पाहिले की चिंतकाबद्दल, मनात नसतानाही, आदर वाटू लागतो. तो अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवतो, तंबूपासून दूर स्वयंपाक करतो, विष्ठा पाहून अस्वलाने कालपासून काय खाल्लं ते सांगतो. घाबरायचं कशाला, हे त्याला नीट कळतं. गोंधळ फक्त कशाने वाचायचं इथे होतो.

अखेर तो दोन्ही घेतो, छातीवर .44 आणि कमरेला स्प्रे. मग दोन सेकंदांत उजवा हात आधी कुठे जावा, यावर त्याचं नवं वाचन सुरू होतं. अलास्काला निघाला की विमानतळावर स्प्रेचा डबा काढून घेतात. तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही. पिस्तूल मात्र रिकामं करून, कुलूपबंद पेटीत घालून, तशी नोंद केली की सामानातून जातं. अमेरिकेच्या आकाशात मिरचीला बंदी आणि मॅग्नमला मुभा, याबद्दल चिंतकाची काहीही तक्रार नसते.