तारखेआधीचे चौदा दिवस

नायगाव, नरसी, मुखेडकडचा माणूस मोठ्या ऑपरेशनसाठी नांदेडला निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत सोनोग्राफी असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स असते. नसतो तो एकच कागद. तारखेपर्यंत या माणसानं काय आणि किती खायचं, हे लिहिलेला. गर्भपिशवी काढायची असो की आतड्याची गाठ, तारीख पंधरा दिवसांवर पडते आणि ते पंधरा दिवस पैशांची जमवाजमव करण्यात, चहा-बिस्किटावर निघून जातात. आधीच खंगलेला माणूस आणखी हलका होऊन टेबलावर जातो.

याचा धोका वैद्यकाला १९३६ पासून माहीत आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हायरम स्टडली या सर्जननं अल्सरचं ऑपरेशन झालेल्यांचा हिशेब मांडला. ऑपरेशनआधीच ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले शंभरी ३३ दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ होतं. कारण उघड आहे. जखम भरायला प्रथिनं लागतात. ताटातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती घेतं. स्नायू गेले की जोर लावून खोकता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. जखम चिघळते, टाके उसवतात. मग लोक म्हणतात, ऑपरेशन बिघडलं.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची संस्था एस्पेन तर स्पष्ट सांगते की, रुग्ण गंभीर कुपोषित असेल तर कॅन्सरचं ऑपरेशनसुद्धा ७ ते १४ दिवस पुढे ढकला, पण आधी त्याला खाऊ घाला. धडधाकट माणसाला यातून फारसा लाभ नाही, आणि आतडं फुटलंय तिथं थांबायला वेळच नसतो. पण आपल्याकडे धडधाकट किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पिशवीच्या ऑपरेशनला जाणाऱ्या बायका यांच्यातूनच जातात.

अशा वेळी नातेवाईक काय करतात? मेडिकलमधून पावडरचा डबा आणतात. डबा वाईट नाही. तोंडाच्या कॅन्सरमुळे ज्याला घास चावता येत नाही, त्याला पातळ पूरक आहार हवाच. पण ज्याला चावता येतं, त्याच्या घरी डब्यासाठी उधारी करायची गरज नाही. घ्यायचाच असेल तर डबा उलटा करून शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती ते आधी वाचा.

हिशेब साधा आहे. अशा रुग्णाला किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाई ४५ किलोची असेल तर ५४ ते ६८ ग्रॅम. पाव लिटर दूध ८, दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण ११, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५ आणि ज्वारीच्या तीन भाकरी १५. झाले ७१. घर माळकरी असेल तर अंडी वगळूनही ५९ होतात. यातली डाळ आणि सोयाबीन नांदेड-लातूरच्या शिवारातच पिकतं. आपण सोयाबीन विकून टाकतो, त्याची पेंड कोंबड्या खातात आणि शेतकऱ्याची बायको चहात बिस्किट बुडवून ऑपरेशनला जाते. किडनीचा किंवा साखरेचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं, एवढंच.

दुसरा भ्रम सलाईनचा. ‘ताकदीची बाटली लावा’ असा हट्ट गावोगावी होतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर शंभर कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये एकही नाही. प्रथिनं दोन्हींत शून्य.

आणि घरी आल्यावर? ‘डाळ नको, पू धरतो. अंडं नको, टाके पिकतात.’ शेजारीण सांगते, सासू ऐकते आणि जखम भरायच्या ऐन दिवसांत बाईच्या ताटात नुसता मऊ भात येतो. डाळीनं पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो आणि जंतूंशी लढायला हीच डाळ लागते. यावर डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटं खर्चावीत, आणि ती सुनेसमोर नव्हे, सासूसमोर.

ऑपरेशनआधीची आणखी एक गोष्ट. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कुठलं चूर्ण, काढा चालू असेल तर भुलेच्या डॉक्टरांना आधीच सांगा. काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

आता सरकारकडे वळू. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आता कुटुंबाला पाच लाखांचं कवच आहे. भरती झाल्यावरचं जेवण पॅकेजात धरलेलं आहे. भरतीआधीच्या चौदा दिवसांसाठी मात्र एक रुपया नाही. क्षयरोग्याला सरकार पोषणासाठी महिन्याला हजार रुपये देतं, म्हणजे अन्न हा उपचाराचा भाग आहे हे तत्त्व मान्य झालेलं आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना शिधा दिला तर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. मग ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनलाच हे तत्त्व का लागू नाही? चौदा दिवसांची डाळ, दूध, अंडी आयसीयूतल्या एका जादा दिवसापुढे किरकोळ आहेत.

योजनेच्या मंजुरीच्या अर्जात वजन, सहा महिन्यांत घटलेलं वजन आणि हिमोग्लोबिन हे तीन रकाने सक्तीचे करा, आणि जो रुग्ण त्यात कमी भरेल त्याच्या खात्यात चौदा दिवसांच्या आहाराचे पैसे तारखेआधी जमा करा. तोवर, वाचकहो, ऑपरेशनची तारीख मिळाली की खुर्चीवरून उठू नका. रोज काय खायचं ते डॉक्टरांकडून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.